गाजर खाल्ले, पण अंगी लागले का?

मागे बदलापूरची एक आई आपल्या ४ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. दिवेलागण झाली की तो घरात ठेचकाळे. "डॉक्टर, रोज गाजर देते, तरी असं का?" मी विचारले, "कसे देता?" कच्चे तुकडे, भाजीही बिनतेलाची. त्यातच वरचेवर जुलाब. दुखण्याचे मूळ इथेच होते.

दूध, तूप, अंड्याचा बलक, कलेजी यांत 'अ' जीवनसत्त्व तयार रूपात असते; ते सहज शोषले जाते. गाजर, पालक, माठ, शेवग्याचा पाला यांत असते बीटा कॅरोटिन. त्याचे 'अ' जीवनसत्त्व आपल्या आतड्यात बनते. मात्र ते भाजीच्या पेशींत अडकलेले असते. शिजवल्याने, घोटल्याने सुटते. शिवाय ते स्निग्ध पदार्थातच विरघळते. इतके करूनही साधारण १२ भाग कॅरोटिनमागे १ भागच पदरात पडतो. पिकलेली पपई, आंबा यांतले त्यामानाने लवकर अंगी लागते.

उल्हासनगरच्या सिंधी घरांतली साईभाजी पाहा : पालक, चणाडाळ, तेलाची फोडणी आणि छान घोटलेली! अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारातली पालेभाजीही अशीच करावी. चमचाभर तेल पुरे.

त्या मुलाला मी डोस दिला, जुलाबावर उपचार केले. रातांधळेपणा दिसल्यास घरगुती उपायांवर थांबू नका. ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळणारे डोस चुकवू नका. मनाने जादा औषधही देऊ नका. हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अति झाल्यास बाधते.