परसातील भाजी

वसंत ऋतूत झाडांना पालवी फुटते. पण विहिरींचे पाणी खोल जाते आणि भाजी महाग होते. मुलांनो, अशा वेळी परसबाग घरास मोठा आधार देते.

माघ-फाल्गुनात माती भुसभुशीत करून तीत कुजलेले शेणखत मिसळावे व भेंडी, गवार, चवळी यांचे बी टोकावे. गवार व चवळी यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. भेंडी सुमारे ५० दिवसांत तोडणीस येते.

तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी सायंकाळी बुंध्याशी घालावे. वाफ्यावर वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. मोरीत वाहून जाणारे पाणी अशा रीतीने भाजीच्या रूपाने आपल्या ताटात येते.