गाडी ठरवलीत, दिवसही ठरवा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. मुंबईहून विमानाने अडीच तास, आणि घड्याळात एका मिनिटाचाही फरक नाही. नकाशा समोर ठेवला की वाटतं, एक गाडी, एक ड्रायव्हर आणि आठवडाभराची रजा मिळाली तर देश पाहून होईल. खासगी सहली आखणारेही याच समजुतीवर कार्यक्रम बसवतात. उतरल्या दिवशी पिन्नवलाचे हत्ती आणि सिगिरिया, दुसऱ्या दिवशी दंबुल्ला आणि कँडी, मग नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल, कोलंबो. कागदावर रोजचे शंभर-दीडशे किलोमीटरच दिसतात, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही.

पण हा देश किलोमीटरांत मोजायचा नाही, तासांत मोजायचा. कटुनायकेच्या विमानतळापासून सिगिरिया साधारण दीडशे किलोमीटर. लागतात चार तास. कँडीहून नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरही नाही, तरी घाट चढायला अडीच-तीन तास सहज जातात. द्रुतगती मार्ग आहेत ते मुख्यतः कोलंबोच्या आसपास आणि दक्षिण किनाऱ्याकडे. बाकी रस्ते दुपदरी, गावागावांतून जाणारे, आणि त्यांवर बस, टुकटुक, सायकली, शाळा सुटलेली मुलं. या तासांमध्ये वाटेतले थांबे मिसळले की दिवस कुठे गेला ते कळतही नाही.

आमच्या परिचयातल्या डोंबिवलीच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हेच घडलं. नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. दिवाळीची सुट्टी, स्वतंत्र गाडी, सोबत ड्रायव्हर. आजींची ओढ एकाच ठिकाणाची होती, कँडीतल्या बुद्धांच्या दंतधातू मंदिराची. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, ते आजींनी लहानपणापासून घरात ऐकलेलं. त्यांच्या मुलाने तीन-चार ठिकाणांहून दर मागवले आणि सगळ्यात स्वस्त घेतला. त्यात गाडी, ड्रायव्हर, हॉटेल आणि नाश्ता होता. तिकिटं कुणी काढायची, ड्रायव्हर माहिती सांगणार की नुसती गाडी चालवणार, वाटेत कुठे थांबायचं, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

दंबुल्ल्याहून कँडीला निघालं की वाटेत माताले लागतं. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मसाल्यांच्या बागांच्या पाट्या आहेत. गाडी न विचारता एका फाटकातून आत वळली. प्रवेश फुकट, हसतमुख माणूस स्वागताला. त्याने दालचिनीची साल सोलून दाखवली, मिरीचा वेल, जायफळ, व्हॅनिलाची शेंग दाखवली. तिथपर्यंत सगळं छान होतं, मुलीने वहीत नोंदीही केल्या. मग झावळ्यांच्या मांडवाखाली बाकांवर बसवलं. हातात छापील यादी आली. प्रत्येक तेलाला क्रमांक: हे केसांसाठी, हे झोपेसाठी, हे गुडघ्यांसाठी. एका तरुणाने आजींच्या खांद्यांना तेल चोळून दिलं आणि बक्षिसीसाठी थांबून राहिला. शेवटी दुकान. गुडघ्यांचं तेल घेऊ नका असं आजींना कोण सांगणार? बाटल्यांचे पैसे दिले तेव्हा दुपार टळून गेली होती. पुढे कँडीत शिरताना रत्नांच्या ‘संग्रहालयात’ आणखी एक थांबा झाला. खाणीची छोटी फिल्म, तिच्यामागे थेट विक्रीचं दालन. मंदिरात पोहोचेपर्यंत संध्याकाळी साडेसहाची पूजा आटोपली होती. पूजेच्या वेळीच दंतधातूच्या करंडकाच्या दालनाचं दार उघडतं. आजींना बंद दाराला हात जोडून परतावं लागलं.

त्या रात्री मुलगा ड्रायव्हरशी निवांत बोलला. आवाज चढवला नाही, सरळ विचारलं. उत्तरही सरळ मिळालं. कंपनीकडून मिळणारा रोज तुटपुंजा, आणि घर चालतं ते दुकानांकडून मिळणाऱ्या हिश्श्यावर. स्वस्त सहलीचं गणित असंच बसतं. तुम्ही जे कमी भरता, ते कुणाला तरी भरून काढावं लागतं, आणि दुकानदार ते तुमच्याच खरेदीतून भरून काढतो. त्यात ड्रायव्हरचा दुष्टपणा नसतो. गाडी तुमच्यासाठी असते, पण दिवस कुणाच्या कमाईवर चालणार हे आधीच ठरून गेलेलं असतं.

दोघांनी तिथेच ठरवलं: यापुढे न सांगता एकही दुकान नाही, आणि शेवटी रोजाच्या हिशोबाने ठरलेली बक्षिसी. दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतःहून गाडी घेऊन उभा होता. साडेपाचच्या पूजेला आजी रांगेत होत्या. ढोल वाजले, दार उघडलं, लोक कमळाची फुलं पुढे सरकवत होते. पुढच्या दिवसांत तोच माणूस उत्तम वाटाड्या ठरला. दक्षिणेकडे तिस्समहारामजवळ त्याने रस्त्याकडेच्या टपरीवर मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही खायला घातलं. त्यावर कितुल माडाची काकवी ओततात. मुलीला आजही त्याची चव आठवते.

खासगी सहल ठरवताना म्हणूनच पहिला प्रश्न हॉटेलच्या ताऱ्यांचा नसावा, सोबत येणाऱ्या माणसाचा असावा. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरण गाइडना परवाने देतं. देशभर फिरवू शकणारे नॅशनल गाइड, गाडी चालवून माहितीही देणारे शोफर गाइड, ठरावीक भागाचे एरिया गाइड आणि एकाच स्थळाचे साइट गाइड, असे त्यात प्रकार आहेत. परवानाधारकाकडे फोटोसह ओळखपत्र असतं. नुसत्या ड्रायव्हरकडे ते नसतं, आणि त्यात गैर काही नाही. मात्र दर शोफर गाइडचा आणि माणूस नुसता ड्रायव्हर, असं होता कामा नये. परवान्याचा फोटो आधी मागवून घ्यावा.

दर मागवताना हे सगळं एकाच संदेशात लिहून विचारावं: गाडी कोणती, तिला मागच्या सीटलाही बेल्ट आहेत का, इंधन, पार्किंग, टोल धरले आहेत का, रोज किती किलोमीटरची मर्यादा आहे, ड्रायव्हरच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च कुणाचा, तिकिटं आणि अभयारण्यातली जीप धरली आहे का, आणि खरेदीचे थांबे आम्ही सांगितल्याशिवाय होणार नाहीत ना. मुक्कामाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आहे महत्त्वाचा. बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरांसाठी वेगळी खोली असते, छोट्या होमस्टेत ती नसते. रात्रभर गाडीत झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात तुमची गाडी चालवणार असतो.

तिकिटांचा हिशोब आपल्या लोकांनी जरूर समजून घ्यावा. परदेशी पर्यटकाचं सिगिरियाचं तिकीट तीस डॉलरच्या पुढे जातं. पण भारत सार्कमध्ये असल्याने आपल्याला तिथे आणि इतर अनेक प्राचीन स्थळांवर सवलतीचा दर लागतो. त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत राहिला की सवलत गेली. ‘तिकिटांसह’ असं पॅकेज घेताना कोणता दर धरलाय ते विचारलं नाही, तर फरक आपल्या खिशातून जातो.

सिगिरियाचा कडा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे १८० मीटर उंच. पाचव्या शतकात राजा काश्यपाने त्याच्या माथ्यावर महाल बांधला. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि नऊनंतर खडक तापायला लागतो. सकाळी दार उघडताच चढायला लागावं. पायथ्याशी काही जण वयस्कर पाहुण्यांचा हात धरून सोबत चालू लागतात आणि वर पोहोचल्यावर पैसे मागतात. मदत हवी असेल तर रक्कम आधी ठरवावी, नको असेल तर पहिल्याच पायरीला नम्रपणे नाही म्हणावं. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याच्या जलउद्यानात आणि संग्रहालयात वेळ घालवावा. तेही पाहण्यासारखं आहे.

सुट्टी आणि पाऊस यांचा मेळ हा मराठी घरांसाठी वेगळाच प्रश्न. आपण निघतो दिवाळीत नाहीतर मेमध्ये. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरउताराचा पश्चिम भाग झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस उत्तर आणि पूर्व भागावर असतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळीकडेच दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, आणि चहाच्या डोंगरात दरडी कोसळतात. दिवाळीत गेलात तर बाहेरची स्थळं सकाळी उरकावीत आणि घाटातला प्रवास दुपारी चारच्या आत संपवावा. मेच्या उत्तरार्धात गेलात तर मिरिस्साच्या किनाऱ्याचा हट्ट सोडून त्रिंकोमाली किंवा पासिकुडाहचा पूर्व किनारा घ्यावा. तिथला समुद्र तेव्हा शांत असतो. मिरिस्साचे देवमासे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये दिसतात. याला राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग सहसा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो, त्यामुळे दिवाळी लवकर आली तर आधी चौकशी करावी. हत्ती पाहायचे असतील तर उदवलवे राष्ट्रीय उद्यान वर्षभर भरवशाचं आहे.

आठवड्याच्या आतली सहल असेल तर तीन मुक्काम पुरेत, चौथा नको. सिगिरिया किंवा हबराना इथे दोन रात्री, कँडीत दोन, गॉलच्या बाजूला दोन. एवढ्यात दंबुल्ल्याची लेणी, पोलोन्नरुवा, कँडी आणि डचांनी भक्कम केलेला गॉलचा कोट नीट पाहून होतो. डोंगर आणि चहाच हवा असेल तर किनारा सोडावा. कँडी ते एल्ला रेल्वेचा प्रवास सहा-सात तासांचा. लहान मुलं असतील तर वाटेतल्या नानू ओयाला बसून पुढचा टप्पाच करावा. आरक्षण लवकर संपतं, म्हणून तारखा ठरताच ते करावं. ड्रायव्हर सामान घेऊन रस्त्याने एल्ला स्टेशनवर येतो, हे खासगी गाडीचं खरं सुख. पावसाळी दिवसांत मार्ग सुरू आहे ना, याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्यावी.

पंचांग पाहायची सवय इथेही उपयोगी पडते. प्रत्येक पौर्णिमा म्हणजे ‘पोया’, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी दारूविक्री बंद आणि मंदिरांत मोठी गर्दी. ज्यांना उपासना पाहायची आहे त्यांच्यासाठी हा दिवस मोलाचा. ज्यांना घाई आहे त्यांनी टाळावा. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणं आणि टोपी बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात, आणि अशा वागण्यासाठी परदेशी पर्यटकांवर कारवाईही झाली आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगावं.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नारळाचं पोल सांबोल दिसतं अगदी आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं, पण त्यात बऱ्याचदा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो. काही भाज्यांतही तो घालतात. ऑर्डर देताना ड्रायव्हरला सांगून ‘उंबलकड नको’ असं बजावून घ्यावं. डाळीची परिप्पु, इडियप्पम, अप्पम आणि फणसाची भाजी यावर पोट उत्तम भरतं.

फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देता येतात, पण ते क्यूआर कोड असलेल्या दुकानांत. टुकटुक, टपरी आणि बक्षिसी यांना रोख श्रीलंकन रुपयेच लागतात. रत्न घ्यायचंच असेल तर राष्ट्रीय रत्न व आभूषण प्राधिकरणाची प्रयोगशाळा कोलंबोत आहे. तपासून देण्याची अट बिलावर लिहून घ्यावी, आणि दुकानदार कचरला तर दगड तिथेच ठेवावा. सहलीचे सगळे पैसे आधी भरू नयेत. आगाऊ काही, उरलेले तिथे पोहोचल्यावर. प्रवेश-परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून ते निघण्याच्या आठवड्यात फक्त सरकारी संकेतस्थळावर पाहावेत. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात.

जास्तीची एक रात्र हाताशी असेल तर ती शेवटी विमानतळाजवळच्या नेगोम्बोला काढली तर बरं. गॉलहून द्रुतगती मार्गाने अडीच-तीन तास लागतात खरे, पण कोलंबोच्या बाजूला संध्याकाळची कोंडी हा हिशोब बिघडवते. निघण्याआधी फोनमध्ये तीन क्रमांक साठवावेत: पोलिसांसाठी ११९, पर्यटन प्राधिकरणाच्या मदतीसाठी १९१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १९९०. ही रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. ती मोफत आहे, आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर तिचा क्रमांक ड्रायव्हरलाही पाठ आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावं.