‘बट’ ह्या लहान शब्दाचे मोठे अर्थ

इंग्रजी उतारा वाचतांना लांबलचक शब्द आला कीं आपले विद्यार्थी तत्काळ कोश उघडतात. तीन अक्षरांचा शब्द मात्र ओळखीचा म्हणून तसाच ओलांडतात. परंतु अर्थाचा घात पुष्कळदां हे ओळखीचे शब्दच करतात. ‘बट’ हाच शब्द घेऊं.

‘बट’ म्हणजे ‘पण’ असें आपण प्रथम शिकतों. तथापि ‘ही इज बट ए चाइल्ड’ म्हणजे ‘तो केवळ मूल आहे’. ‘ऑल बट वन केम’ म्हणजे ‘एकावांचून सर्व आले’. ‘द बोट ऑल बट सँक’ म्हणजे नाव बुडतां बुडतां राहिली.

हे अर्थ आले कोठून? हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ ‘बाहेर’ असा होता. ‘आउट’ ह्या शब्दाशीं त्याचें नातें आहे. स्कॉटलंडांतील जुन्या दोनखणी घरांत बाहेरच्या खोलीस ‘बट’ व आंतल्या खोलीस ‘बेन’ म्हणत. ‘बाहेर’ ह्यावरून ‘वगळून’ हा अर्थ झाला. ‘मूल ह्यावांचून दुसरें कांहीं नाहीं’ असें म्हणतां म्हणतां नकार गळाला व ‘केवळ’ हा अर्थ उरला.

आतां एक कसोटी पाहा. ‘नथिंग बट ए फूल’ म्हणजे शुद्ध मूर्ख. ‘एनीथिंग बट ए फूल’ म्हणजे मूर्ख मुळींच नव्हे! प्रगतिपत्रकांत ‘एनीथिंग बट लेझी’ असा शेरा दिसल्यास पालकांनीं मुलास रागें भरूं नये. आळस वगळून काय वाटेल तें म्हणा, असा त्याचा भाव आहे. ती स्तुति होय.

आपल्या भाषेंतही असेंच आहे. ‘मी आलों, पण तो आला नाहीं’, ‘तो पण आला’, ‘त्यानें पण केला’ ह्या तीन वाक्यांत ‘पण’ एकच अर्थ देत नाहीं. तरी आपण अडखळत नाहीं. कारण आपण शब्दाकडे एकटें न पाहतां त्याच्या शेजाऱ्यांकडेही पाहतों.

इंग्रजी वाचतांनाही हीच संवय लावावी. ‘बट’ला ‘पण’ जुळेना, तर ‘वांचून’ लावून पाहावें; तेंही जुळेना, तर कोशांतील नोंद शेवटपर्यंत वाचावी. लहान शब्दासाठीं कोश उघडण्यांत कमीपणा नाहीं.