नाव आणि नंबर

शास्त्रभाग : योहान 10:1-15



या शास्त्रभागातील उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. सातपुड्यातल्या आमच्या मिशन दवाखान्यात केसपेपरऐवजी संगणकावर नोंदी ठेवायचे ठरले, तेव्हा मी याच वचनाच्या आधाराने विरोध केला. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झाले. त्यातला आभा क्रमांक 14 अंकी असतो आणि तो घेणे ऐच्छिक आहे. तरी मी बैठकीत म्हणाले, "आपण माणसांना नावाने ओळखतो, त्यांचे नंबर करू नका."

डॉक्टरांना ओपीडीची रांग वाढेल असे वाटत होते. बाकीच्या सिस्टर म्हणाल्या, "रजिस्टरही लिहायचे आणि संगणकही? शिवाय वीज गेली तर?" मला स्वतःला टायपिंगची भीती होती, पण ते मी बोलले नाही.

त्याच पावसाळ्यात एक पावरा बहीण तापाने फणफणून आली. मी नाव विचारून केसपेपर काढला आणि इंजेक्शन भरले. टोचण्याआधी नवऱ्याचे नाव विचारले, तर ते जुळेना. त्याच नावाची, त्याच आडनावाची दुसरी बाई होती; पेपर तिचा होता. समोरच्या बहिणीला पेनिसिलिन चालत नव्हते आणि माझ्या हातात तेच होते. देवाने राखले.

त्या रात्री मला कळले, की नाव ठाऊक असणे म्हणजे माणूस ओळखणे नव्हे. मी बैठकीत चूक सांगितली, भीतीही सांगितली. मग इतरही मोकळेपणाने बोलले. इन्व्हर्टर आला. एकच नोंद दोनदा करणे बंद झाले. आधी रुग्णाशी बोलायचे, मग पडद्याकडे वळायचे, असे ठरले. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला, कारण सिकलसेलची माहिती बाहेर फुटली तर मुलीचे लग्न अडते. एका तरुण सिस्टरने मला रोज दुपारी टायपिंग शिकवले.

आजही मी रुग्णाला नावानेच हाक मारते. नंबर फक्त ती नेमकी कोण, हे चुकू देत नाही.

विचारासाठी : आपली भीती आपण कधी वचनाआड लपवतो का?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला चूक कबूल करण्याचे आणि नवे शिकण्याचे नम्र मन दे. आमेन.