चौकशीच्या उंबरठ्यावरील बालक

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव आजही रूढ आहे. ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमाती कायद्याखाली येथे कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. विशिष्ट जमातीत जन्मणे हाच अपराध मानला जाई. १९२४ च्या कायद्यात मुलांना आईबापांपासून दूर करून सुधारशाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. त्याच वर्षी मुंबई प्रांताने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. एका कायद्याने मुलाची जात पाहिली, दुसऱ्याने त्याचे वय. पहिला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. संशयाची सवय मात्र मागे उरली.

१९८६ साली पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बालकांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. सध्या २०१५ चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार ताब्यातील बालकास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीन हा नियम होय आणि निरीक्षणगृह हा अपवाद. जामीनदाराविनाही बालकाची मुक्तता होऊ शकते. अटी सात दिवसांत पूर्ण न झाल्यास त्या बदलण्यासाठी त्यास पुन्हा मंडळापुढे आणले पाहिजे.

तरीही आईबाप ऊसतोडीस परगावी गेलेले असले, तर मुलास न्यावयास कोण येणार? गरिबीमुळे एखादे मूल चौकशी संपेपर्यंत अडकून पडणे, ही शिक्षेआधीच शिक्षा ठरते.

येथेच गावाचे कर्तव्य सुरू होते. वयाबाबत शंका असल्यास प्रथम शाळेतील जन्मतारखेचा दाखला व तो नसल्यास ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची जन्मनोंद पाहिली जाते. तेव्हा शिक्षकाने दाखला विनाविलंब द्यावा व मुलाचे नाव पटावरून कमी करू नये. परिवीक्षा अधिकारी गृहचौकशीस येतील तेव्हा पंचायत सदस्यांनी ऐकीव गोष्टी न सांगता घरची खरी परिस्थिती सांगावी आणि पालकांचा ठावठिकाणा कळवावा. विनामूल्य वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतो, हेही त्या कुटुंबास समजावून द्यावे. मुलाचे नाव वा ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, याचे सर्वांनी भान ठेवावे.

सेटलमेंटचे कुंपण कायद्याने हटले. मनातील कुंपण हटविण्याचे काम शाळा, पंचायत आणि कचेरी यांनाच करावयाचे आहे.