दार ठोठावणारा धर्मगुरू : बर्नानोस यांच्या कादंबरीतील धर्मग्राम आणि प्रार्थनेची चिकाटी

जॉर्ज बर्नानोस (१८८८-१९४८) या फ्रेंच कादंबरीकाराची ‘ज्यूर्नाल द्यं क्यूरे द कांपान्य’, म्हणजे ‘एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी’, ही कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९५१ मध्ये रोबेर ब्रेसाँ यांनी तिच्यावर चित्रपट केला. बर्नानोस स्वतः धर्मगुरू नव्हते. ते संसारी, सहा मुलांचे पिता आणि लेखणीवर कसाबसा चरितार्थ चालविणारे गृहस्थ होते. तरीही कॅथलिक धर्मगुरूचे अंतरंग एवढ्या जवळून दाखविणारी दुसरी कादंबरी विसाव्या शतकात सहजी सापडत नाही. या कादंबरीचा विचार करताना समीक्षेने बहुधा तिचे दोन भाग कल्पिले आहेत : एक, चर्चच्या दैनंदिन जीवनाचे वास्तव चित्रण; आणि दोन, नायकाच्या प्रार्थनेची व कृपेची आंतरिक कथा. पहिल्याला पार्श्वभूमी आणि दुसऱ्याला आशय मानण्याची रीत पडून गेली आहे. ही विभागणी कादंबरीच्या घाटाला न्याय देत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याला चिकाटीची प्रार्थना म्हणतात ती या कादंबरीत धर्मग्रामाच्या रहाटगाडग्यातच घडते. त्याच्याबाहेर ती शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

‘चिकाटीची प्रार्थना’ ही संकल्पना मुळात लूककृत शुभवर्तमानातील दोन दृष्टान्तांवर उभी आहे. अकराव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवितो आणि लगेच मध्यरात्री भाकरी मागावयास आलेल्या मित्राची गोष्ट सांगतो. घरातला माणूस मुलाबाळांसह निजला आहे, दार बंद आहे; मैत्रीखातर तो उठणार नाही, परंतु बाहेरच्याच्या हट्टापायी उठेल. अठराव्या अध्यायात एक विधवा आहे आणि एक न्यायाधीश आहे. त्याला देवाची भीती नाही, माणसांची भीड नाही. ती रोज येते, न्याय मागते, आणि अखेर तो कंटाळून तिचे काम करून टाकतो. दोन्ही दृष्टान्तांतील ग्रीक शब्द विलक्षण रोखठोक आहेत. मित्राच्या हट्टासाठी आलेला ‘अनायदेया’ हा शब्द निर्लज्जपणाचा वाचक आहे. आणि विधवा आपल्याला बेजार करील, ही न्यायाधीशाची भीती ज्या क्रियापदाने व्यक्त होते त्याचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा लगावणे असा आहे. ते मुष्टियुद्धाच्या आखाड्यातले क्रियापद आहे. ‘आग्रह’ हा आपला शब्द त्यापुढे फार सभ्य वाटतो. पंगतीत जिलबीचाही आग्रह होतो!

मराठी वाचकाला या अर्थाच्या अधिक जवळ नेणारे शब्द सावकारीच्या व्यवहारात सापडतात : ‘तगादा’ आणि ‘धरणे’. येणेकऱ्याने देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी वर्ज्य करून बसावयाचे आणि त्याला उठू द्यावयाचे नाही, ही जुनी रीत. गाथा इंद्रायणीत बुडविल्यावर तुकोबा तेरा दिवस नदीकाठी निराहार बसून राहिले, असे परंपरा सांगते. ते देवाच्या दारातले धरणेच होय. वाण्याच्या घरात जन्मलेल्या कवीने देवाशी हा व्यवहार मांडावा यात नवल नाही. मात्र धरण्याला एक गोष्ट गृहीत असते. धरणे धरणाऱ्याचे काही येणे असते, आणि निदान दारात बसून राहण्याचे बळ त्याच्या अंगी असते. बर्नानोस यांच्या नायकाजवळ यांपैकी काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो येथे.

कादंबरीचा नायक निनावी आहे. उत्तर फ्रान्समधील आंब्रिकूर या खेड्यात तो तरुण धर्मगुरू म्हणून आला आहे. गरिबीत वाढलेला, पोटाच्या दुखण्याने पोखरलेला. त्याला वाइनमध्ये भिजविलेल्या पावाखेरीज दुसरे अन्न सोसत नाही. गाव त्यावरून त्याला दारूबाज ठरविते. आपले धर्मग्राम इतर कोणत्याही धर्मग्रामासारखेच आहे, अशा आशयाच्या नोंदीने रोजनिशी उघडते, आणि लगेच त्या गावाला खाऊन टाकणाऱ्या कंटाळ्याचे निदान येते. हा कंटाळा कर्करोगासारखा आहे, तो आत असूनही माणूस दीर्घकाळ जगू शकतो, असे नायक लिहितो. आपल्याच पोटात तो रोग वाढतो आहे हे त्याला तेव्हा ठाऊक नाही. रोजनिशीच्या निवेदनतंत्राचा असा उपयोग लेखकाने फार थोड्या ठिकाणी केला आहे, आणि म्हणूनच तो बोचतो.

या गावात धर्मगुरूने करावयाचे काय? लहान मुलांना धर्मशिक्षण द्यावयाचे, तरुणांसाठी खेळांचे मंडळ काढावयाचे, वाण्याचे बिल चुकवावयाचे, आणि प्रत्येक कुटुंबाला ठरावीक अंतराने भेट द्यावयाची. हा शेवटचा संकल्प त्याचा स्वतःचा आहे. शेजारचे धर्मगुरू त्याला अतिरेक म्हणतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात सेराफिता ही मुलगी सर्वांत नेमकी उत्तरे देते. तो मनोमन सुखावतो. तिचे लक्ष धड्याकडे नसून आपल्या सुंदर डोळ्यांकडे होते, हे तिच्याच तोंडून कळते तेव्हा वर्गातल्या इतर मुली खिदळतात. चर्चजीवनाचे चित्रण म्हणतात ते हे. त्यात भव्य असे काही नाही.

शेजारच्या तोर्सीचे वयस्क धर्मगुरू या तरुणाला एका सेविकेची गोष्ट सांगतात, ती या संदर्भात महत्त्वाची आहे. चर्चची झाडलोट करणाऱ्या त्या बाईने घाणीविरुद्ध युद्धच पुकारले होते. ती रोज घासे, पुशी, धुई. आणि दर रविवारी माणसे चिखलाचे पाय घेऊन पुन्हा येत. त्या झटापटीतच तिचा अंत झाला. तोर्सीकरांचा निष्कर्ष असा की, घाणीशी झगडण्यात तिची चूक नव्हती. घाण कायमची नष्ट करू पाहण्यात होती. धर्मग्राम हे मळणारच. ते रोज झाडावयाचे असते, एकदाचे नव्हे. चिकाटीचा हा धडा प्रार्थनेविषयी एक अक्षरही न उच्चारता दिला जातो. तोर्सीकर खंबीर, व्यवहारी आणि काहीसे दांडगे आहेत. त्यांच्या तोंडी लेखकाने काही ठिकाणी आवश्यकतेहून लांब भाषणे घातली आहेत, हा कादंबरीचा उघड दोष आहे. परंतु या गोष्टीपुरते त्यांचे बोलणे नेमके आहे.

प्रार्थनेविषयीच्या नोंदींकडे वळले की स्वर बदलतो. रोजनिशी लिहावयास घेताना ती आपल्या प्रार्थनेचाच विस्तार ठरेल, देवाशी चाललेले संभाषण ठरेल, असे नायकाला वाटले होते. दुखण्यामुळे ध्यानात येणारी अडचण तिने टळेल अशीही त्याची आशा होती. वर्षभर लिहून वही आगीत टाकून द्यावयाची, हाही बेत. प्रत्यक्षात वहीत देवाऐवजी तो स्वतःच अधिक येऊ लागतो, आणि हे त्याच्या लक्षात येते. पुढे ती रात्र येते. आधी शांतपणे, मग सारे बळ एकवटून, जवळजवळ हिंसक निर्धाराने तो प्रार्थनेचा प्रयत्न करतो आणि ती होत नाही. प्रार्थनेची इच्छा हीच एक प्रार्थना आहे, देव याहून अधिक मागत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो ते लिहितोही. पण हे शास्त्रशुद्ध समाधान त्याला पुरत नाही. कर्तव्य पार पडले की नाही, ही त्याची चिंताच नव्हे. फुप्फुसांना हवा लागते तशी त्या क्षणी त्याला प्रार्थना हवी आहे, आणि समोर काळी भिंत आहे. यानंतरच्या भागात रोजनिशीची काही पाने फाडलेली आहेत, अशी टीप लेखकाने कंसात दिली आहे.

या नोंदींतील एक विचार मात्र ताठ मानेने आलेला आहे. ज्यांनी प्रार्थनेचा अनुभव घेतलेला नाही असे लोक तिच्याविषयी एवढ्या हलकेपणाने कसे बोलतात, असे तो विचारतो. मठवासी संन्यासी आयुष्याची वर्षे खर्चून प्रार्थनेचा माणूस होऊ पाहतो, आणि कोणीही उपटसुंभ तिला स्वतःच्या सावलीशी केलेली बडबड म्हणून मोकळा होतो. हा युक्तिवाद श्रद्धेचा पुरावा म्हणून दुबळा आहे हे मान्य करावे लागेल. पुष्कळांनी पुष्कळ काळ केलेली गोष्ट केवळ तेवढ्याने खरी ठरत नाही. परंतु त्याचे मोल पुराव्यात नाही. स्वतःची प्रार्थना बंद पडलेली असताना हा माणूस इतरांच्या प्रार्थनेची बाजू घेतो आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

येथे दृष्टान्ताची रचना उलटते. लूकच्या गोष्टीत माणूस बाहेर आहे आणि दार देवाचे आहे. आंब्रिकूरमध्ये देवाच्या दारापुढे नायकाला धरणे धरता येत नाही. तेवढी शक्ती त्याच्यापाशी उरलेली नाही. पण तो गावातली दारे ठोठावीत फिरतो. पाऊस, चिखल, पोटातली कळ आणि पाठीमागे होणारी कुजबुज सोशीत तो एकेका घरी जातो. मध्यरात्रीचे बंद दार आता माणसांचे आहे, आणि बाहेर उभा असलेला निर्लज्ज मागणारा धर्मगुरू आहे. तो मागतो ते स्वतःसाठी नव्हे. प्रार्थनेची चिकाटी शब्दांतून पायांत उतरली आहे, असे म्हणता येईल. चर्चजीवनाचा तपशील कादंबरीतून वजा केल्यास प्रार्थनेची कथाही उरत नाही, ती या कारणाने.

कादंबरीच्या मध्यभागी असलेला काउंटेसचा प्रसंग या दृष्टीने वाचावा लागतो. लहानपणीच दगावलेल्या मुलाच्या दुःखाने ही बाई देवाविरुद्ध दगड झाली आहे. बाहेरून तिचे धर्माचरण निर्दोष आहे. नवऱ्याचे प्रमाद, मुलगी शांताल हिचा द्वेष, यांपैकी कशानेही ती हालत नाही. नायक तिच्याशी वाद घालतो, धमकावतो, विनवतो, आणि मागे हटत नाही. त्याच्यात असा जोर पूर्वी कधी दिसलेला नाही. अखेर दोघे येऊन थांबतात ते प्रभूच्या प्रार्थनेपाशी. देवाची इच्छा पूर्ण होवो, एवढे तिला म्हणवत नाही. म्हटले तर मुलगा दुसऱ्यांदा गमावल्यासारखे तिला वाटते. ज्या राज्याची याचना करावयाची ते तिचेही आहे आणि त्या मुलाचेही, असे तो तिला सांगतो, आणि दार उघडते. मुलाचे केस जपलेले पदक ती आगीत फेकते. तो आगीत हात घालून ते काढू पाहतो. देवाला अशी आहुती नको असते, हे त्याच्या भाजलेल्या हाताने सांगितले जाते. त्या रात्री तिचे पत्र येते. तिला शांती मिळाली आहे. त्याच रात्री ती मरण पावते.

लूकने शिकवणीची प्रार्थना आणि हट्टाचा दृष्टान्त शेजारी ठेवले, तेच दोन घटक बर्नानोस यांनी एका दिवाणखान्यात आणून भिडविले आहेत. जी शांती आपल्यापाशी नाही ती आपण दुसऱ्याला देऊ शकलो, याचे नायकाला आश्चर्य वाटते. रिकाम्या हातांचा चमत्कार तो हाच. पुढे गावात वेगळीच गोष्ट पसरते. शांतालने खिडकीआडून ऐकलेल्या अर्धवट शब्दांवरून, धर्मगुरूने आजारी बाईचा छळ केला असा बोलबाला होतो. काउंटेसचे पत्र दाखविले असते तर त्याची सुटका झाली असती. तो दाखवीत नाही.

या प्रसंगावरून कादंबरी यशाची कथा आहे, असा समज होऊ नये. दारे उघडतातच असे नाही. डॉक्टर देलबांद हे नास्तिक पण सरळ मनाचे गृहस्थ स्वतःच्याच बंदुकीच्या गोळीने मरतात. तो अपघात नव्हता हे हळूहळू उघड होत जाते. शांताल जशी होती तशीच राहते. आणि ज्याने चिकाटीचे दृष्टान्त सांगितले, त्यानेच गेथशेमाने बागेत तेच मागणे तीनदा मागितले आणि प्याला टळला नाही, ही गोष्ट कादंबरी विसरू देत नाही. शुभवर्तमानात प्रत्येकाची एक जागा असते, असे तोर्सीकर एकदा म्हणतात. नायकाला तेव्हा उमगते की त्याची जागा त्याच बागेत आहे, आणि ती बदलावयाची नाही. विधवेला न्याय मिळाला. बागेतल्या मागणाऱ्याला त्याने मागितले ते मिळाले नाही. ख्रिस्ती परंपरेने या दोहोंना नेहमी एकत्र बांधले आहे. बर्नानोस यांनी दुसऱ्यावर भार दिला, आणि चिकाटी म्हणजे इच्छित फळाची हमी नव्हे, हे त्यातून आपोआप निघते. सेराफिताचेही असेच. रात्री रस्त्यात चिखलात कोसळलेल्या नायकाला तीच शोधून काढते आणि त्याचे तोंड पुसते. धर्मशिक्षणाच्या वर्गाचे फळ मिळाले, ते असे.

अखेरचा प्रसंग लील शहरात घडतो. जठराच्या कर्करोगाचे निदान होते आणि नायक द्युफ्रेती या आपल्या जुन्या सहाध्यायाच्या बिऱ्हाडी मरणोन्मुख अवस्थेत पडतो. द्युफ्रेतीने धर्मगुरूपद सोडलेले आहे. तो एका स्त्रीबरोबर राहतो आणि ती त्याच्यासाठी कष्ट उपसते. धर्मगुरूला निरोप गेला आहे, पण तो वेळेवर पोहोचत नाही. आयुष्यभर इतरांच्या दारी गेलेल्या माणसाकडे त्याच्या वेळी कोणी येत नाही. तेव्हा तो द्युफ्रेतीकडेच पापक्षमा मागतो. मित्राला नकार देववत नाही, पण आपल्याला संकोच का वाटतो हेही तो समजावून सांगतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे पाहता मृत्यूसमयी कोणताही दीक्षित धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो. १९१७ च्या संहितेत तशी तरतूद होती आणि १९८३ च्या संहितेतही ती आहे. कायद्याच्या दृष्टीने द्युफ्रेतीच्या संकोचाला फारसा आधार नाही. मरणारा त्यावर काही क्षणांनी जे उत्तर देतो त्यात या साऱ्याने काय बिघडते असा भाव आहे, आणि सर्व काही एका ‘कृपा’ या शब्दात येऊन मिळते.

वाचकाला हे सारे नायकाच्या वहीतून नव्हे, द्युफ्रेतीने तोर्सीकरांना लिहिलेल्या पत्रातून कळते. पत्राची भाषा औपचारिक, थोडी आत्मसमर्थनाची, कचेरीतल्या टिपणासारखी आहे. पत्रलेखकाला आपण काय पाहिले ते पुरते कळलेलेही नाही. रोजनिशी आधीच थांबलेली असल्याने शेवटच्या तासांत नायकाच्या मनात प्रार्थना होती की नाही, हे जाणण्याचा मार्ग लेखकाने बंद करून टाकला आहे. पत्रात एवढाच तपशील आहे की, बोलता येईनासे झाल्यावर त्याने खुणेने आपली जपमाळ मागितली आणि ती छातीशी घट्ट धरून ठेवली.