शंका-समाधान : हत्यारांचे जोडकाम

या वेळी आलेली बहुतेक पत्रे हत्यारांचे सुटे भाग आपल्याच कारखान्यात जोडून करण्याबद्दल आहेत. जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे, ‘रॉड कोणता वापरू?’ माझ्या मते तो प्रश्न शेवटी यावा. जोडायचे धातू तापताना किती फुगतात, निवताना किती आकसतात आणि तयार भागावर जोर कुठून येणार, हे आधी पाहावे. एवढे कळले की रॉडची निवड सोपी होते.

प्रश्न : लेथच्या टूलसाठी मी १६ मि.मी. चौरस एम.एस. दांड्यावर कार्बाइड टिप पितळी रॉडने झाळतो आणि लगेच पाण्यात बुडवतो. काही टिपांना केसासारखे तडे जातात, काही काम करताना निखळतात. टिपांचा माल खराब आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टिपांना दोष देऊ नका. पोलाद जितके फुगते त्याच्या सुमारे निम्मेच कार्बाइड फुगते. पितळी झाळ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाहते. ती गोठली की टिप आणि दांडा एकमेकांना बांधले जातात. त्यानंतर निवताना दांडा जास्त आकसतो, टिप कमी. हा सगळा ताण ठिसूळ टिपेवर येतो आणि पाण्यात बुडवल्यावर तर तो एका क्षणात येतो. म्हणून झाळलेले टूल कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश निवू द्या.

चांदीयुक्त रॉड वापरलात तर आणखी फायदा होईल. ५५ टक्के चांदीचा रॉड ६३० ते ६६० अंशांत वितळतो. तापमान जितके कमी, तितका ताणही कमी. मोठ्या टिपेसाठी चांदीच्या झाळीची तिपदरी पट्टी मिळते. तिच्या मधल्या थरात तांबे असते. तांबे मऊ असल्याने थोडे दबते आणि ताण स्वतःवर घेते. टिपेखालचे पोलाद टिपेच्या जाडीच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे दांडा वाकणार नाही.

निखळणाऱ्या टिपांचे कारण बहुधा मळ असते. टिपेचा बसणारा पृष्ठभाग हिरव्या सिलिकॉन कार्बाइड चाकावर हलका घासा, तेलकटपणा काढा आणि फ्लक्स लावा. ज्योत दांड्याला खालून द्या, थेट टिपेवर नको. झाळ वाहू लागली की टिप सळईने किंचित मागेपुढे सरकवा, म्हणजे अडकलेला फ्लक्स बाहेर येईल. मग दाबून धरा. धार लावताना तापलेली टिप पाण्यात बुडवू नका. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असते, म्हणून तोंडाला योग्य मास्क बांधा.

प्रश्न : मी आय.टी.आय.मध्ये शिकतो. खोल भोकासाठी ८ मि.मी.च्या ड्रिलला मागे सळई जोडून ते लांब करायचे आहे. टाकणखार लावून चांदीचा रॉड वापरला, पण त्याचे गोळे होऊन ते घरंगळतात. सर म्हणतात, उष्णता कमी पडली. उष्णता वाढवली तर ड्रिल मऊ होईल ना?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुमची भीती योग्य आहे आणि सरांचे म्हणणेही अर्धे खरे आहे. टाकणखार सुमारे ७४३ अंशांना वितळतो, तुमचा रॉड त्याच्या बराच आधी. म्हणजे रॉड तयार असतो तेव्हा ऑक्साइड विरघळवणारा फ्लक्स अजून जागाच झालेला नसतो. पितळी झाळीला टाकणखार उत्तम, पण चांदीच्या झाळीला फ्लोराइडचा फ्लक्स घ्या. तो पांढरा पडतो, फुगतो आणि शेवटी पाण्यासारखा पारदर्शक होतो. तसा झाला की रॉड टेकवायचा. त्याचा धूर श्वासात जाऊ देऊ नका. रॉड कॅडमियममुक्त आहे याची दुकानात खात्री करून घ्या. कॅडमियमची वाफ प्राणघातक ठरू शकते.

आता रचना. सळई ८ मि.मी.पेक्षा थोडी बारीक हवी, नाहीतर ती भोकात शिरणारच नाही. ड्रिलच्या मागच्या टोकावर कानस चालवून पाहा. कानस लागली तर तेवढा भाग लेथवर ५ मि.मी. करता येईल, घसरली तर तो ग्राइंड करावा लागेल. सळईत ५.१ ते ५.२ मि.मी.चे, साधारण १० मि.मी. खोल भोक पाडा. भोवतीची ०.०५ ते ०.१ मि.मी. फट झाळ स्वतः ओढून घेते. फट मोठी झाली तर झाळ आत टिकत नाही, अगदी घट्ट बसवले तर आत शिरत नाही. भोकाच्या तळाशी बाजूने १ मि.मी.चे छिद्र ठेवा. ते नसेल तर आत कोंडलेली हवा तापून झाळ बाहेर ढकलते.

ड्रिलच्या नळीदार भागाला ओले फडके गुंडाळा आणि ज्योत सळईवर धरा. रॉड ज्योतीने वितळवायचा नाही, तापलेल्या कामाच्या स्पर्शाने तो वितळला पाहिजे. झाळ नेहमी उष्णतेकडे धावते. ड्रिलचे एच.एस.एस. (हायस्पीड स्टील) साधारण ६०० अंशांपर्यंत कठीणपणा टिकवते, त्यामुळे मागचे टोक मऊ झाले तरी धार सुरक्षित राहील. शेवटी काम गरम पाण्यात धुऊन व्ही-ब्लॉकवर फिरवून सरळ आहे का ते पाहा.

प्रश्न : ड्रिल मशिनच्या टेबलाचा बिडाचा कान तुटला. वेल्डरने साध्या ६०१३ रॉडने जोडला. दोन दिवसांत वेल्डच्या शेजारूनच पुन्हा चीर गेली. बीड जोडताच येत नाही, हे खरे का?
— एक कारखानदार, कऱ्हाड

उत्तर : येते, पण पोलादासारखे नाही. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. आर्कने वितळलेली पट्टी शेजारच्या थंड धातूमुळे झटकन निवते, तेव्हा तिथे पांढरे, काचेसारखे ठिसूळ बीड तयार होते. वेल्ड आकसताना ओढ घेतो, बीड ताणले जात नाही आणि चीर नेमकी त्या पट्टीतून जाते.

पहिला मार्ग पितळी झाळीचा. यात बीड वितळतच नाही. तुटलेल्या कडा ९० अंशांच्या व्ही आकारात कानशीने किंवा छन्नीने काढा. ग्राइंडरने बिडातले ग्रॅफाइट पृष्ठभागावर पसरते आणि झाळ धरत नाही. जुने तेल जाळून टाका, सगळा भाग सावकाश ३०० अंशांच्या आसपास तापवा आणि मग झाळा.

दुसरा मार्ग निकेल रॉडचा. चीर अर्धवट असेल तर तिच्या टोकाला ३ मि.मी.चे भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. एका वेळी २५ मि.मी.च वेल्ड करा, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोका आणि हात लावता येईल इतके निवल्यावरच पुढचा तुकडा घ्या.

दोन्ही मार्गांत शेवट एकच : कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू देणे.

तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी अधिक पटतो. तुटलेले तुकडे चिकटवा आणि तोच पॅटर्न करून नवा भाग ओतून घ्या. कोल्हापूरच्या फाउंड्र्या तुम्हाला जवळ आहेत. बीड निवताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवा आणि मशिनिंगच्या जागी वेगळा थर द्या.

प्रश्न : १२ मि.मी. प्लेटची अँगल प्लेट वेल्ड करून मशिनिंग केली. गुण्या लावला तेव्हा बरोबर होती, पण व्हाइसमधून काढताच काटकोन बिघडला.
— एक वाचक, चाकण

उत्तर : वेल्ड निवताना आत ताण कोंडून राहतो. मशिनिंगने वरचा थर काढला की उरलेला ताण नवा तोल शोधतो आणि प्लेट हलते. गरजेपेक्षा जाड वेल्ड करू नका. दोन्ही बाजूंनी वेल्ड असेल तर त्याची बाजू प्लेटच्या जाडीच्या सुमारे ०.७ पट पुरते. आधी टाके मारा, मग थोडे इकडे, थोडे तिकडे असे आलटूनपालटून भरा. उष्णता प्रक्रियेची भट्टी जवळ असेल तर ६०० ते ६५० अंशांवर, दर २५ मि.मी. जाडीला एक तास ठेवून भट्टीतच निवू द्या. ती सोय नसेल तर रफ मशिनिंगनंतर काम पूर्ण सैल करा, हलक्या हाताने पुन्हा पकडा आणि शेवटचा बारीक कट त्यानंतर घ्या.

प्रश्न : जी.आय. पाइपचे स्टँड वेल्ड केले की रात्री थंडी वाजून ताप येतो. आधी गूळ खाल्ला की काही होत नाही, असे मिस्त्री सांगतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुळाने आणि दुधाने यात संरक्षण मिळत नाही. पाइपवरचे जस्त ९०७ अंशांना उकळते, आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पलीकडची. त्या वाफेचा पांढरा धूर फुप्फुसात गेल्याने हा ताप येतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण धाप लागली तर थेट डॉक्टरांकडे जा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा ५० मि.मी. भाग ग्राइंड करून जस्त काढा, उघड्यावर काम करा आणि धूर ज्या बाजूला वाहतो तिथे उभे राहू नका.

प्रश्न : २०० मि.मी. ग्राइंडिंग चाकाची स्पिंडल दोन सळया वेल्ड करून केली, तर चालेल का? चेन-ब्लॉकसाठी हूकही तसाच करायचा विचार आहे.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : दोन्ही करू नका. मिनिटाला २८८० फेऱ्यांना त्या चाकाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. स्पिंडल तुटली तर समोरच्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळणार नाही. हूकखाली माणसे वावरतात. वेल्डच्या पोटातली पोकळी किंवा न भरलेली जागा बाहेरून दिसत नाही आणि आपल्या कारखान्यात ती शोधायचे साधन नसते. स्पिंडल ई.एन. ८च्या एकाच सळईतून टर्न करा. हूक घडवलेला, क्षमतेचा शिक्का असलेला विकत घ्या. टूल, स्टँड, ब्रॅकेट बिनधास्त जोडा, शिका, बिघडले तर पुन्हा करा. पण जिथे सांधा सुटल्यावर माणूस सापडेल, तिथे सांधाच ठेवू नका.